नवीन दुखणं की जुनीच गोळी?

पत्र: ताई, माझी आई 71 वर्षांची आहे. बीपी आणि शुगर जुनीच. मागच्या वर्षी बीपी वाढलं म्हणून अम्लोडिपिन 5 ची 10 केली. महिन्याभरात पाय सुजायला लागले तर दुसऱ्या डॉक्टरांनी लघवीची गोळी दिली, फ्युरोसेमाइड. तरी बीपी हवं तेवढं खाली येईना म्हणून रॅमिप्रिल आली. आता तीन महिने झाले कोरडी ढास लागतेय, रात्र रात्र झोप नाही, कफ सिरपच्या चार बाटल्या संपल्या. मध्येच पायाचा अंगठा लालबुंद होऊन ठणकायला लागला, युरिक ॲसिड वाढलंय म्हणाले आणि डायक्लोफेनॅक दिली, ती 'दुखेल तेव्हा' घ्यायची होती पण आई रोजच घेते. त्याने पोटात जळजळ, म्हणून पॅन्टोप्राझोल. शुगरची मेटफॉर्मिन आणि कोलेस्टेरॉलची अटॉर्वास्टॅटिन आधीपासून आहेतच. काल खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिनचा कोर्स लिहून दिलाय, अजून सुरू केला नाही. मी सगळ्या गोळ्यांबरोबर येणारे कागद वाचत बसले आणि घाबरून गेले. दादा म्हणतो सगळं बंद करून बघू. काय करू? — एक लेक

उत्तर:

अगं, आधी दोन कामं आजच्या आज कर, बाकीचं पत्र नंतर निवांत वाच.

पहिलं काम, डायक्लोफेनॅक. ती 'दुखेल तेव्हा' लिहिलेली आहे म्हणजे ती चुकवली तर काही बिघडत नाही, तेव्हा डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत ती आईला देऊ नकोस, आणि दुखण्यासाठी तोवर पॅरासिटामॉल चालेल का ते फोनवरच विचारून घे. दुसरं, क्लॅरिथ्रोमायसिनची पहिली गोळी पोटात जायच्या आधी ज्यांनी ती लिहिली त्यांना फोन करून एवढंच सांग की आईला अटॉर्वास्टॅटिन आणि अम्लोडिपिन चालू आहे, हे चालेल का. लाजू नकोस, हा प्रश्न विचारला म्हणून चिडणारे डॉक्टर फार थोडे असतात, आणि चिडले तरी चिडू देत.

आता दादाचं. दादाला सांग की सगळं एकदम बंद करणं हा उपाय नाही, तो जुगार आहे. काही गोळ्या एकदम सोडल्या की शरीर उसळी मारतं. तुझ्या आईच्या यादीत बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद करणारी गोळी) नाही, स्टेरॉइड नाही, फिटची किंवा झोपेची गोळी नाही म्हणून बरंय, या जातीच्या गोळ्या तर अचानक थांबवल्या की माणूस सरळ हॉस्पिटलात जाऊ शकतो. स्टेंट घातलेल्या माणसाचं क्लोपिडोग्रेल, म्हणजे रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी, पण तसंच, स्वतःच्या मनाने कधीही नाही. आईच्या बाबतीत बीपीच्या तिन्ही गोळ्या एका दिवसात काढल्या तर बीपी कुठे जाईल सांगता येत नाही. त्यामुळे कुठली गोळी काढायची आणि कुठली बदलायची हे डॉक्टर ठरवतील, पण त्यांना ठरवता यावं म्हणून नीट मांडलेलं चित्र त्यांच्यासमोर ठेवणं हे तुझं काम, आणि खरं सांगू का, ते अर्धं काम तू केलेलंच आहेस. तुझं पत्र परत वाच, क्रमाने वाच. गोळी वाढली मग पाय सुजले, पायासाठी गोळी आली मग अंगठा ठणकला, अंगठ्यासाठी गोळी आली मग पोट जळलं. तू नकळत जे लिहिलंयस त्याला डॉक्टरी भाषेत प्रिस्क्रायबिंग कॅस्केड म्हणतात, म्हणजे एका औषधाचा साइड इफेक्ट नवीन आजार समजला जातो, त्यावर दुसरं औषध येतं, त्याचा साइड इफेक्ट, त्यावर तिसरं. हे नाव रोचन आणि गुरविट्झ या म्हाताऱ्या माणसांच्या औषधांवर काम करणाऱ्या दोन डॉक्टरांनी 1990 च्या दशकात रूढ केलं. मी औषधाच्या काउंटरमागे वीस वर्षं काढलीत, प्रिस्क्रिप्शन हातात आलं की अशी साखळी त्यावर अक्षरशः वाचता येते.

अम्लोडिपिनपासून सुरू करू. ही गोळी बारीक रक्तवाहिन्या सैल करते, त्यामुळे बीपी उतरतं, पण रक्त आत आणणाऱ्या वाहिन्या जेवढ्या सैल होतात तेवढ्या रक्त परत नेणाऱ्या होत नाहीत, मग बारीक केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी झिरपून घोट्यापाशी साठतं. संध्याकाळी मोजा काढला की वळ उठलेला असतो, बोटाने दाबलं की खड्डा पडतो, सकाळी उठेपर्यंत बरंच उतरलेलं असतं. आणि हे डोसवर असतं. औषधाच्या चाचण्यांमध्ये 5 मिलिग्रॅमवर 100 तल्या साधारण 3 जणांना आणि 10 मिलिग्रॅमवर जवळजवळ 11 जणांना सूज आली होती, बायकांना पुरुषांपेक्षा जास्त. आता मुद्दा असा की ही सूज अंगात पाणी जास्त झाल्यामुळे आलेलीच नाही, पाणी चुकीच्या जागी गेल्यामुळे आलीय, म्हणून लघवीच्या गोळीने ती फारशी हलत नाही. आई दिवसभर बाथरूमला पळत असेल आणि पाय तसेच्या तसे, बरोबर ना?

पण थांब, पाय सुजले म्हणजे अम्लोडिपिनच असं धरून बसू नकोस. एकच पाय सुजला, पोटरी दुखतेय, किंवा आडवं पडलं की दम लागतो, किंवा चेहराही सुजतोय, तर ते हार्ट, किडनी नाहीतर पायातल्या गुठळीचं असू शकतं आणि तिथे वाट बघायची नाही. तुझ्या पत्रात दोन्ही पाय आणि डोस वाढल्यावर महिन्याभरात असं आहे म्हणून माझा संशय गोळीवर जातोय, एवढंच.

ढासेचं तर अगदी पुस्तकातलं उदाहरण आहे. रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, ज्यांच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' येतं त्या गोळ्या शरीरातलं जे एन्झाइम अडवतात, तेच एन्झाइम ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ मोडत असतं. एन्झाइम अडलं की ब्रॅडिकायनिन साठतं आणि घशात, श्वासनलिकेत खवखव सुरू. कफ नाही, ताप नाही, नुसती कोरडी ढास, रात्री आडवं पडलं की जास्त. साधारण दहातल्या एकाला होते. आणि लोक फसतात ते इथेच की ती गोळी सुरू केल्याच्या दुसऱ्या दिवशी लागेल असं नाही, कधी काही आठवड्यांनी लागते कधी महिन्यांनी, तोवर गोळी 'जुनी आणि सूट झालेली' वाटायला लागलेली असते. कफ सिरपने ती जात नाही. चार काय, चाळीस बाटल्या दे. उलट काही सिरपांत नाक मोकळं करणारं फेनिलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असतं, जे बीपी वाढवतं, तेव्हा बाटलीवर काय लिहिलंय ते भिंगाने का होईना वाच. गोळी बदलली की ढास बहुतेकांची एक ते चार आठवड्यांत थांबते, क्वचित तीन महिनेही लागतात. बदलून सहसा 'सार्टन' देतात, टेल्मिसार्टन, लोसार्टन वगैरे, त्यात हा त्रास अगदी कमी. लोसार्टन तर युरिक ॲसिडही थोडं खाली आणते, म्हणजे आईच्या अंगठ्यासाठी पण बरं, पण ते डॉक्टर बघतील, मी आपली मध्ये बोलले.

आणि हो, 'प्रिल' घेणाऱ्या माणसाचे ओठ, जीभ किंवा चेहरा अचानक सुजला तर तो फोन करून विचारायचा विषय नाही, उठून थेट इमर्जन्सीला. हे क्वचित होतं पण झालं तर श्वास बंद होऊ शकतो. वर्षभर गोळी घेतल्यावरही होऊ शकतं.

अंगठ्याचं सांगायचं तर लघवीच्या गोळ्या युरिक ॲसिड किडनीतून बाहेर पडू देत नाहीत, रक्तात ते वाढतं आणि सांध्यात त्याचे सुईसारखे खडे होतात, पायाचा अंगठा ही त्यांची लाडकी जागा. म्हणजे जी गोळी सुजेवर फारशी चालणारच नव्हती तिने बहुतेक हे नवीन दुखणं आणलं. आणि मग आली डायक्लोफेनॅक, आणि इथे मात्र मला खरी काळजी वाटते म्हणून वर पहिल्याच ओळीत लिहिलं.

किडनीला रक्त गाळायला दाब लागतो. आत येणारी नळी उघडी ठेवायचं काम काही नैसर्गिक रसायनं करतात, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब या जातीची पेनकिलर ती रसायनं बंद पाडते. बाहेर जाणारी नळी आवळून धरायचं काम ज्याने होतं ते रॅमिप्रिल बंद पाडते. आणि लघवीची गोळी अंगातलं पाणीच कमी करते. म्हणजे नळाला पाणी कमी, वरची तोटी आवळलेली आणि खालची सताड उघडी. मध्ये दाब राहणार कुठून? डॉक्टर लोक या तिघांच्या जोडीला ट्रिपल व्हॅमी म्हणतात, आपण तिहेरी मार म्हणू. धोका सगळ्यात जास्त असतो तो तिन्ही एकत्र सुरू झाल्यावरच्या पहिल्या महिन्यात, आणि त्यात जुलाब, उलट्या, ताप येऊन पाणी कमी झालं तर अजून. यात दुखत काहीच नाही हाच घोळ आहे, लघवी कमी होते, मळमळतं, माणूस मलूल होतो आणि घरचे म्हणतात वय झालं. म्हणून याच आठवड्यात, जमलं तर उद्याच, आईचं क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते सांगणारी रक्ताची तपासणी) आणि पोटॅशियम तपासायला डॉक्टरांकडून लिहून घे. मेटफॉर्मिनसाठीही ते लागतंच कारण ती किडनीवाटे बाहेर जाते, किडनी मंदावली की ती साठते. अजून एक, ही पेनकिलर बीपी वाढवते आणि बीपीच्या गोळ्यांचा जोर पण कमी करते. म्हणजे पुढच्या भेटीत बीपी 160 निघणार आणि अजून एक गोळी लागणार. बघ साखळी कशी पुढे सरकते.

क्लॅरिथ्रोमायसिनचं प्रकरण वेगळ्या जातीचं आहे. इथे एक औषध दुसऱ्याला शरीराबाहेर जाऊ देत नाही. लिव्हरमध्ये आणि आतड्यात एक एन्झाइम आहे, सीवायपी थ्री ए फोर असं त्याचं रुक्ष नाव, कितीतरी औषधं तेच मोडून टाकतं. क्लॅरिथ्रोमायसिन त्याला कुलूप लावते. मग अटॉर्वास्टॅटिन रोजचीच, पण रक्तात तिची पातळी कितीतरी जास्त, आणि स्नायू मोडायला लागू शकतात. अंग मोडून दुखणं, जिना चढताना मांड्यांत ताकद नसणं आणि लघवी काळपट चहासारखी होणं ही त्याची खूण, असं दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल. अम्लोडिपिनचीही पातळी वाढते, बीपी फार खाली जातं, रात्री बाथरूमला उठताना घेरी येते आणि खुबा मोडतो. (ग्रेपफ्रूट नावाचं मोठं आंबट फळ आहे त्याचा रस हेच कुलूप लावतो, 1989 साली कॅनडात दारू आणि बीपीच्या गोळीवर प्रयोग चालला होता तेव्हा दारूची चव लपवायला तो रस वापरला होता आणि गोळीची पातळी भलतीच निघाली, तेव्हा अपघाताने कळलं.) उपाय सोपे आहेत, डॉक्टर दुसरं अँटिबायोटिक देतात, ॲझिथ्रोमायसिनचा हा त्रास खूप कमी, किंवा कोर्स असेपर्यंत स्टॅटिन थांबवतात. पण तुझ्या आईच्या बाबतीत त्याही आधीचा प्रश्न विचार, की ही ढास रॅमिप्रिलची असेल तर अँटिबायोटिक हवंच कशाला? ताप, कफात रक्त, वजन उतरणं असं काही असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा छातीचा फोटो आणि थुंकीची तपासणी झालीच पाहिजे.

आता त्या कागदांबद्दल, ज्यांनी तुझी झोप उडवलीय. त्यात जे लिहिलंय ते सगळं आईला होणार असं नाही. तिथले शब्द मोजून वापरलेले असतात. 'व्हेरी कॉमन' म्हणजे दहातल्या एकापेक्षा जास्त जणांना, 'कॉमन' म्हणजे शंभरातल्या एकापासून दहापर्यंत, 'अनकॉमन' म्हणजे हजारात एक ते दहा, 'रेअर' म्हणजे दहा हजारात एक ते दहा. तू वाचताना बहुतेक रेअरमधलंच लक्षात ठेवलंस आणि कॉमनमधली ढास तेवढी निसटली, सगळ्यांचं तसंच होतं. आणि ॲलर्जी हा शब्द जपून वापर. गोळीने मळमळलं, जुलाब झाले तर तो साइड इफेक्ट, ॲलर्जी नाही. अंगावर गांधी उठल्या, धाप लागली, ओठ सुजले ती ॲलर्जी. अंगावर फोड, तोंडात जखमा, डोळे लाल आणि ताप असं एकत्र आलं तर ती गंभीर रिॲक्शन, गोळी लगेच बंद आणि हॉस्पिटल. फाइलवर उगाच ॲलर्जी लिहून घेतली की पुढे चांगलं औषध हातचं जातं, पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याचं सांगणाऱ्या दहातल्या नऊ जणांना तपासणीत ती निघतच नाही.

माझ्या घरचंच सांगते, म्हणजे तुला वाटायला नको की हे फक्त दुसऱ्यांच्या घरी होतं. माझ्या सासऱ्यांना चक्कर यायची, त्यावर एका डॉक्टरांनी सिनारिझिन दिली, चक्कर थांबली, सगळे खूश, गोळी चालूच राहिली, कोणी बंद कर म्हटलंच नाही. सात-आठ महिन्यांनी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला, चालताना पाय घासायला लागले. माझ्या लक्षात आली ती त्यांची सही. पेन्शनच्या कागदावर आधी झोकदार मोठी सही असायची, ती बारीक बारीक होत शेवटी मुंगी चालल्यासारखी झाली होती. पार्किन्सन्स म्हणून गोळ्या लिहूनही झाल्या होत्या. सिनारिझिन मेंदूतल्या डोपामिनचं, म्हणजे हालचाल नीट ठेवणाऱ्या रसायनाचं काम अडवते, उलटीवरची मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन पण तेच करतात, आणि वयस्कर माणसात हुबेहूब पार्किन्सन्स दिसतो. मी स्वतः औषधं विकणारी बाई आणि रोज त्यांच्या डबीत ती गोळी मीच भरत होते! डॉक्टरांना विचारून ती बंद केली, महिने लागले पण थरथर गेली. सही मात्र पूर्वीइतकी मोठी नाही झाली.

त्यामुळे आता तू काय करायचं ते सांगते. घरातली सगळी औषधं टेबलावर ओत. सगळी म्हणजे सगळी, डोळ्यांत घालायचे थेंब, मलम, व्हिटॅमिन, कॅल्शियम, सर्दीची गोळी, शेजारणीने दिलेली गोळी, वनस्पतीची औषधं. ज्येष्ठमध पण लिही, जास्त दिवस घेतलं तर ते बीपी वाढवतं आणि पोटॅशियम उतरवतं. उलट पोटॅशियमवालं 'लो सोडियम' मीठ वापरत असाल तर तेही लिही, कारण रॅमिप्रिल पोटॅशियम वाढवते. मग एका कागदावर औषधाचं नाव, म्हणजे ब्रँडच्या खाली बारीक अक्षरात असतं ते खरं नाव, किती मिलिग्रॅम, कोणी दिलं, कशासाठी आणि कधीपासून. 'कधीपासून' हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. त्याच्या बाजूला दुखण्यांच्या तारखा टाक. पाय कधी सुजले, ढास कधी लागली. दोन्ही रकाने शेजारी आले की डॉक्टरांना सांगायची गरजच पडत नाही. अर्ध्या कापलेल्या स्ट्रिपा नेऊ नकोस, त्यावर नाव अर्धं आणि तारीख कात्रीत गेलेली असते. खरं नाव बघितलंस की कदाचित एकच औषध दोन ब्रँडमध्ये पण सापडेल, पॅरासिटामॉल तर हमखास, तापाची गोळी वेगळी आणि सर्दीची वेगळी आणि दोन्हींत तेच, मोठ्या माणसाला 24 तासांत 4 ग्रॅमच्या वर जायचं नसतं, आणि वय, वजन, लिव्हर बघून त्याहून कमी.

एक हिशोब करून बघ. आठ औषधं असली की त्यांच्या दोन-दोनच्या 28 जोड्या होतात. नववं आलं की 36. कोणत्याही डॉक्टरच्या डोक्यात हे सगळं एकदम बसत नाही, त्यात तुमचे डॉक्टर तीन, आणि तिघांना एकमेकांच्या गोळ्या माहीत नाहीत. तेव्हा एकाच डॉक्टरांना सगळ्यांचा प्रमुख करा, जमल्यास जे शुगर-बीपी बघतात तेच. त्यांना भेटलीस की 'तुमच्या गोळीने हे झालं' असं नको म्हणूस, माणूस लगेच बचावात जातो. म्हण, 'डॉक्टर, यातला एखादा त्रास यातल्याच एखाद्या गोळीचा असू शकेल का, आणि तसं असेल तर काय कमी करता येईल?' बदल सुचवले तर एका वेळी एकच करायला सांगा, नाहीतर सूज कशाने उतरली ते कळणारच नाही. हे माझं मत, काही वेळा डॉक्टरांना दोन गोष्टी एकदम बदलाव्या लागतात, तुझ्या आईच्या बाबतीत अम्लोडिपिन परत 5 वर आणून रॅमिप्रिलच्या जागी सार्टन असं एकत्र होऊ शकतं, कारण सार्टनमुळे अम्लोडिपिनची सूजही थोडी कमी होते. तोवर रोज सकाळी बसवून बीपी घे आणि लिहून ठेव. उलट्या-जुलाब सुरू झाले तर त्याच दिवशी फोन कर, तेव्हा रॅमिप्रिल, फ्युरोसेमाइड आणि मेटफॉर्मिन दोन-तीन दिवस थांबवायला सांगू शकतात.

पॅन्टोप्राझोलचं नंतर बघू, डायक्लोफेनॅक सुटली की तिची गरजच उरते का ते विचार. आणि बरीच वर्षं मेटफॉर्मिन चाललीय तर पुढच्या तपासणीत बी12 पण बघून घ्या, ते कमी झालं की पायाला मुंग्या येतात आणि सगळे शुगरमुळे म्हणून सोडून देतात.

उरलेलं सिरप बाजूला ठेव. डॉक्टरांकडे जाताना ती बाटली पण ने, आणि क्रिएटिनिनचा आकडा आला की मला कळव.